नत्र कशातून द्यावं: युरिया, शेणखत की ताग?

हवेत 78 टक्के नत्र (नायट्रोजन) आहे, पण पिकाच्या मुळांना ते थेट घेता येत नाही. त्यांना मुख्यतः अमोनियम किंवा नायट्रेट लागतं. म्हणून खत निवडताना पोत्यावरचा टक्का पुरेसा नाही. त्यातलं नत्र या रूपात कधी येतं आणि आल्यावर जमिनीत टिकतं का, हे जास्त महत्त्वाचं.

युरियात 46 टक्के नत्र. मातीतलं युरिएज हे विकर (एन्झाइम) आधी त्याचं अमोनियम करतं. उबदार, ओलसर जमिनीत हे काम काही दिवसांत उरकतं. तेवढ्यात दाण्याभोवतीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्क दाखवणारा आकडा) चढतो आणि खत वरच पडलेलं असेल तर बरंच नत्र अमोनिया होऊन उडून जातं, चुनखडीच्या जमिनीत तर जास्तच. मातीआड करा किंवा लगेच बेताचं पाणी द्या. पुढे नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात, आणि इथे खरी गोम आहे. अमोनियम धनभारित असल्याने चिकणमातीच्या ऋणभारित कणांना धरून राहतं. नायट्रेट ऋणभारित, ते पाण्याबरोबर खाली जातं. रेताड जमिनीत युरिया हप्त्याहप्त्याने द्यायचा तो यासाठी. पाणी साचणाऱ्या जमिनीत तर हवेअभावी जिवाणू नायट्रेटचाच पुन्हा वायू करतात. तिथे कुठलंही खत घेण्याआधी निचरा सुधारा.

अमोनियम सल्फेटमध्ये नत्र 21 टक्केच, पण गंधकही मिळतं. आम्लधर्मी जमिनीत मात्र नको, सामू आणखी उतरतो.

शेणखतातलं बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थात अडकलेलं असतं आणि कुजेल तसं सुटतं. पिवळं पडलेलं उभं पीक त्याने आठवड्यात हिरवं होणार नाही. जमिनीची पाणी धरायची ताकद मात्र तेच वाढवतं, युरिया नाही. फक्त ते पुरतं कुजलेलं हवं, त्यात कच्चं काड राहायला नको. गव्हाच्या काडात कर्ब (कार्बन) आणि नत्राचं गुणोत्तर 80:1 च्या आसपास असतं. असं काड गाडलं की ते कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि पीक उपाशी राहतं.

हंगामाआधी काही आठवडे जमीन मोकळी ठेवता येत असेल तर मी ताग निवडेन, म्हणजे हिरवा असतानाच जमिनीत गाडायचं खताचं पीक. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र बांधतात. फुलोऱ्यावर येताच, कोवळा असतानाच गाडा; जून झालेला ताग उशिरा कुजतो. त्याआधी एखादं झाड उपटून गाठ फोडून बघा. आतून गुलाबी असेल तर नत्र बांधलं जातंय. पांढरी किंवा हिरवट निघाली तर या तागाच्या भरवशावर पुढच्या पिकाचा युरिया कमी करू नका.