बोअरसाठी पाणी पाहणारे महाराज, वरुड भागातला अनुभव

दोन स्टार देतो, तेही माणूस टाइमावर येते म्हणून. आमच्या काकाजींनी संत्र्याच्या बगीच्यासाठी बोलावलं होतं. फी 2100, पेट्रोल वेगळं, पैसे आधी द्यायचे अन् बोअर कोरडा गेला तर वापस भेटत नाही. तळहातावर आडवा नारळ घेऊन वावरभर फिरतात, नारळ उभा झाला की तिथं खुंटी ठोकतात. 'साडेतीनशे फुटावर दोन इंच पाणी' असं छातीठोक सांगितलं, मशीन सहाशेपर्यंत गेली तरी नुसता फुफाटा.

मले वाटलं काकाजी भडकतीन. कायचं! म्हणे मशीनवाल्यानं पॉइंट फूटभर सरकवला. दुसरा पॉइंटही महाराजांचाच, तिथं थोडंसं पाणी लागलं, अन् आता गावभर त्याच बोअरची गोष्ट चालते, पहिल्याचं नाव कोणी काढत नाही. लाखाच्या घरात पैसा गेल्यावर नारळ खोटा म्हणणं म्हणजे स्वतःलेच येडं म्हणणं आहे न भाऊ. फेस्टिंजर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1957 मध्ये हेच मांडलं होतं, दोन गोष्टी जुळल्या नाही की मन बेचैन होते, मग जे बदलायले सोपं ते बदलते. कोरडा बोअर काही ओला करता येत नाही, कारण मात्र पाहिजे तसं बदलता येते.

अन् हे फक्त खेड्यातच चालते असं समजू नका. जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 मध्ये पाणी पाहणाऱ्यांची मोठी परीक्षा झाली, एका कोठारात खाली पाइप सरकवायचा अन् वरच्या मजल्यावरून तो कुठं आहे ते सांगायचं. पाचशेच्या वर लोकांतून निवडलेल्या 43 पैकी निदान 37 जणांले काहीच जमलं नाही, तरी परीक्षा घेणारे शास्त्रज्ञच उरलेल्या मोजक्यांच्या भरवशावर म्हणाले का विद्या खरी आहे! 1999 मध्ये एनराइट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तेच आकडे पुन्हा तपासले तर तेही नशिबाचेच निघाले.

महाराज लबाड नाहीत बरं, त्यांचा स्वतःचाही पक्का विश्वास आहे. हात नकळत हलते अन् त्याले शक्ती वाटते. आपल्याकडे काळ्या पाषाणात पाणी फटींत अन् झिजलेल्या थरात असते, त्याच्यानं कोणीही पॉइंट द्या, कुठं ना कुठं लागतेच, अन् तेवढंच लक्षात राहते.

भूजल सर्वेक्षणवाल्यांकडून आधी तपासून घ्या म्हटलं तर काकाजी म्हणे, 'ते तर नुसतं शक्यता आहे म्हणतात.' आता शेजारच्या वावरातही महाराजच येणार आहेत, काकाजींनीच नंबर देला.