फ्रंटएंड स्थैर्य धोरण: अँग्युलर, एम्बर, रिअ‍ॅक्ट की मीडियाविकी?

तुमच्या मुक्तस्रोत प्रकल्पावर इतर लोक आपला कोड बेतू लागले, की कधीतरी हा प्रश्न पुढे येतोच: आपण काय बदलणार नाही, आणि बदलायचंच झालं तर किती आधी सांगणार? बॅकएंडला, म्हणजे सर्व्हरवरच्या कोडला, निदान फंक्शन आणि क्लास मोजून दाखवता येतात. फ्रंटएंडला, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या भागाला, पानावरचा प्रत्येक डिव (एचटीएमएलचा कप्पा), प्रत्येक सीएसएस क्लास (रूप ठरवण्यासाठी दिलेलं नाव) कोणीतरी पकडून ठेवलेला असतो. म्हणून बॅकएंडचं धोरण जसंच्या तसं उचलून इथे चालत नाही.

माझ्या मते मुदत किती महिन्यांची, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा: तुमचा बदल आल्यावर मोडलेला कोड दुरुस्त कोण करणार? त्याचं उत्तर जसं असेल, तसं धोरण निवडा. वेब-पानं बांधण्याची अँग्युलर, एम्बर, रिअ‍ॅक्ट ही तीन साधनं आणि विकिपीडियामागचं मीडियाविकी यांची धोरणं याच प्रश्नावर तपासू.

अँग्युलर: तारखा आधीच ठरलेल्या

अँग्युलरजेएस या पहिल्या रूपानंतर २०१६ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती म्हणजे नव्याने लिहिलेली वेगळीच चौकट होती. जुना कोड तसाच पुढे नेणं शक्य नव्हतं, आणि त्याची झळ बसलेले लोक अजून भेटतात. त्यानंतर या प्रकल्पाने कॅलेंडर हातात घेतलं. साधारण दर सहा महिन्यांनी मेजर आवृत्ती (जुना कोड मोडू शकणारी मोठी आवृत्ती), प्रत्येक आवृत्तीला सहा महिने पूर्ण आणि पुढे बारा महिने मर्यादित आधार. बरेचसे बदल अपडेटची आज्ञा स्वतःच तुमच्या कोडमध्ये करून देते.

ज्यांच्याकडे पगारी टीम, स्वयंचलित चाचण्या आणि तिमाही नियोजन आहे, त्यांना हे फार सोयीचं. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी एक स्क्रिप्ट लिहून ठेवली आणि मग नोकरी बदलली, त्यांना नाही.

एम्बर: मेजर म्हणजे फक्त सफाई

एम्बरचा नियम मला आजही सगळ्यांत स्वच्छ वाटतो. नव्या गोष्टी दर सहा आठवड्यांच्या छोट्या आवृत्त्यांमधून येतात, आणि मेजर आवृत्तीत फक्त आधी डेप्रिकेट केलेल्या (पुढे काढणार असं जाहीर केलेल्या) गोष्टी निघतात. शेवटच्या छोट्या आवृत्तीवर तुमच्या कोडला एकही इशारा येत नसेल, तर मेजरवर तो चालायला हवा.

पण नियम चांगला असला तरी वेळ चुकू शकते. १.१३ आवृत्ती जून २०१५ मध्ये डेप्रिकेशनचा मोठा ढीग घेऊन आली आणि २.० ऑगस्टमध्ये. अ‍ॅडऑन (जोडायची पॅकेजं) सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना दोन महिने म्हणजे काहीच नाही. हे धोरण घेणार असाल, तर मेजरच्या आधी ठरावीक काळ नवीन डेप्रिकेशन बंद, ही ओळ त्यात लिहूनच टाका.

रिअ‍ॅक्ट: सीमा नावातूनच

इथे कॅलेंडरपेक्षा इशारे आणि कोडमॉड (जुना कोड आपोआप बदलून देणाऱ्या स्क्रिप्ट) यांवर भर आहे. जुनी रेंडर पद्धत (पानावर घटक उभे करण्याची) २०२२ मध्ये १८ व्या आवृत्तीत डेप्रिकेट झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये १९ व्या आवृत्तीत गेली. काही जुन्या लाइफसायकल पद्धतींना (घटक तयार होताना, बदलताना चालणाऱ्या) 'अनसेफ' असा उपसर्ग लावला. आतल्या, खासगी वस्तूचं नाव तर 'वापरू नका, नाहीतर नोकरी जाईल' अशा अर्थाचं होतं. तरी लायब्ररींनी ती वापरलीच. १९ व्या आवृत्तीत नाव बदलून असं झालं, की वापरू नका, नाहीतर तुमच्या वापरकर्त्यांना अपग्रेड करता येणार नाही हे त्यांना सांगा. मला दुसरं नाव जास्त प्रामाणिक वाटतं, कारण फटका खरोखर कोणाला बसतो ते त्यात आहे.

मीडियाविकी: दुरुस्त करणारा माणूसच नसेल तर?

विकिपीडियामागचं हे सॉफ्टवेअर दर आठवड्याला बदलतं. बहुतेक विकिपीडियांवर, मराठीवरही, नवा कोड गुरुवारी पोहोचतो. त्यावर चालणारी गॅजेट आणि यूजर स्क्रिप्ट (संपादकांनी लिहिलेले छोटे जावास्क्रिप्ट प्रोग्रॅम) विकीच्या पानांवरच लिहिलेली असतात. त्यांना ना आवृत्ती, ना चाचण्या. लहान विकींवर ती बहुधा इंग्रजी विकिपीडियावरून आणलेली असतात. शिवाय २०१८ पासून संपूर्ण विकीला लागू होणारा जावास्क्रिप्ट कोड फक्त इंटरफेस प्रशासकांना बदलता येतो. म्हणजे गॅजेट मोडलं, तर हात लावू शकणारी माणसं मोजकीच.

म्हणून इथलं धोरण दोन पायऱ्यांचं आहे. आधी दस्तऐवजात नोंद, मग ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (विकसकांसाठीच्या संदेश-खिडकीत) इशारा, आणि काढणं त्यानंतर. दस्तऐवजात नोंदवलेल्या जावास्क्रिप्ट पद्धतींना संरक्षण आहे, पानाच्या एचटीएमएल रचनेला सरसकट नाही. याचा अर्थ नवी व्हेक्टर स्किन (पानाचं दृश्य रूप) आली तेव्हा कळला. जानेवारी २०२३ मध्ये ती इंग्रजी विकिपीडियावर सर्वांसाठी आपोआप दिसणारी (डीफॉल्ट) स्किन झाली. मेनूत दुवा घालण्यासाठी दिलेली अधिकृत पद्धत वापरणाऱ्या स्क्रिप्टना स्किन बदलली तरी आधार होता. मेनूचा डिव शोधून त्यात स्वतःच दुवा चिकटवणाऱ्यांना तो नव्हता.

या सावकाशपणाची किंमतही आहे. जेक्वेरी यूआय (पानावरची बटणं, खिडक्या वगैरे देणारी जुनी लायब्ररी) २०१७ पासून डेप्रिकेट आहे, तरी अनेक वर्षे ते सोबत वाहावं लागलं. त्याच्या बदल्यात एक मोठी सोय मिळते: सगळा कोड सार्वजनिक विकींवर असल्याने कोणती गॅजेट जुनी पद्धत वापरतात ते शोधता येतं, आणि जागतिक इंटरफेस संपादक (सगळ्या विकींवर हा अधिकार असलेले) ती परक्या विकीवरही दुरुस्त करू शकतात. अँग्युलरवर बांधलेले कंपन्यांचे अंतर्गत अनुप्रयोग असे कोणालाच दिसत नाहीत.

मग निवडायचं काय?

तुमचे वापरकर्ते पॅकेज मॅनेजरमधून (लायब्ररी उतरवून देणाऱ्या साधनातून) आवृत्ती निवडत असतील, तर एम्बरचा नियम घ्या आणि त्याला अँग्युलरच्या तारखा जोडा. रिअ‍ॅक्टची वाट कोडमॉड लिहायला माणसं असतील तरच. कोडमॉडशिवाय नुसते इशारे म्हणजे काम दुसऱ्याच्या अंगावर टाकणं आहे.

वापरकर्त्यांना आवृत्ती निवडताच येत नसेल, तुम्ही बदल केला की तो थेट त्यांच्या पानावर जात असेल, तर मीडियाविकीच्या वाटेने जा. मात्र धोरणाचा पहिला मसुदा मुदतीपासून सुरू करू नका. लोक आज पानातल्या कोणत्या क्लासना आणि आयडींना धरून बसले आहेत, त्यांची यादी काढा. प्रत्येकासमोर लिहा: अधिकृत पद्धत आहे, किंवा नाही. जिथे 'नाही' येईल तिथे ती पद्धत आधी बनवा. तोवर त्या डिवला हात लावू नका.