ट्रान्सपॉन्डर चार, नंबर तीनच: सेकंडहँड लॅप टायमिंग सेट घेताना आम्ही कसे फसलो

थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा. चूक आमचीही आहे, २१,५०० रुपये गेल्यावर अक्कल आली.

नाशिकला मखमलाबादकडे एका मित्राच्या काकांनी द्राक्षबाग काढली, जागा मोकळीच पडली होती, तिथे आम्ही पाच जण रविवारी आरसी बग्गी (रिमोटवरच्या छोट्या रेसिंग गाड्या) पळवतो. मातीचा ट्रॅक, कडेला बागेतलेच जुने बांबू. लॅप मोजायला मोबाईलचं स्टॉपवॉच, आणि ते धरणारा पण रेसमधलाच, त्यामुळे दर रविवारी भांडण ठरलेलं. मग ठरलं की प्रॉपर सेट घ्यायचा. गाडीतला बोटाच्या पेराएवढा ट्रान्सपॉन्डर रिसीव्हरमधूनच करंट घेतो आणि स्वतःचा नंबर सतत पाठवत राहतो, ट्रॅकखाली पुरलेल्या तारेवरून (तिलाच लूप म्हणतात) गाडी गेली की तारेला जोडलेला डिकोडर तो नंबर पकडतो आणि लॅपटॉपवर वेळ पडते. प्रत्येकाचा नंबर वेगळा, सगळा खेळ त्या नंबरावर.

मायलॅप्सचं (आधी हीच कंपनी एएमबी होती) सगळं नवीन घ्यायचं तर आमच्या बजेटबाहेर. म्हणून ऑनलाइन जुना सेट शोधला. एक जण भेटला, मुंबईचा म्हणाला, डिकोडर, लूपची तार आणि चार ओरिजिनल ट्रान्सपॉन्डर. व्हिडिओ पण पाठवला, गाडी तारेवरून गेली की लॅपटॉपवर बीप. बोलायला एकदम गोड, "दादा, मी हॉबी सोडतोय म्हणून देतोय". माणशी ४,३०० काढले, आधी ५,००० यूपीआयने, मग पार्सलचा फोटो आल्यावर १६,५००. पार्सल आलं पण, म्हणून तर शंका आली नाही.

रविवारी दोन तारा फूटभर अंतर ठेवून मातीत पुरल्या, ट्रान्सपॉन्डरवरच्या स्टिकरचे नंबर बघून सॉफ्टवेअरमध्ये नावं टाकली आणि पाच मिनिटांची रेस लावली. माझ्या मावसभावाच्या नावापुढे शून्य लॅप. माझ्या नावापुढे ३१! माझा लॅप साधारण १९ सेकंदांचा, म्हणजे पाच मिनिटांत १६ च्या वर होणंच शक्य नाही. सगळे म्हणाले लूप खराब टाकलाय, उकर परत. उकरला. परत तेच. भावाच्या ट्रान्सपॉन्डरचा एलईडी मात्र व्यवस्थित ब्लिंक होत होता, आणि तिथेच आम्हाला कळायला हवं होतं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे लूप वाकडा असेल, मग म्हणे सॉफ्टवेअरची सेटिंग बघा, असं करत आठ-नऊ दिवस त्याने आम्हाला खेळवलं.

पकडलं ते माझ्या ईएससीने, म्हणजे गाडीच्या मोटरचा स्पीड सांभाळणाऱ्या सर्किटने. त्यात डेटा लॉगिंग आहे, थ्रॉटल, मोटरचा आरपीएम, बॅटरीचं व्होल्टेज सगळं साठतं, एरवी मी ते गियरिंग आणि टेंपरेचर बघायला वापरतो. रात्री लॉग उघडून बसलो. आमच्या ट्रॅकवर एकच हेअरपिन (एकदम उलटं फिरवणारं वळण) आहे, तिथे थ्रॉटल पूर्ण सुटतो आणि आरपीएम खड्ड्यात जातो. असे खड्डे मोजले, १६. म्हणजे माझे लॅप १६ च, मग उरलेले १५ कोणाचे? डिकोडरच्या यादीत बघितलं तर वेळा ११.२, ७.९, ११.३, ७.८ अशा एकाआड एक, लागोपाठच्या दोन मिळवल्या की १९ च्या आसपास. दोन गाड्या एकाच नंबरावर धावत होत्या भो!

सकाळी चारही ट्रान्सपॉन्डर एकेक करून लूपवर धरले. स्टिकर चार वेगळे, पण माझा आणि भावाचा स्क्रीनवर तोच सात आकडी नंबर दाखवतो. म्हणजे कॉपी माल, वर छापील स्टिकर चिकटवलेला. पुण्याहून एका ओळखीच्या रेसरचा ओरिजिनल आणून बघितला तर तो नीट वाचला गेला, म्हणजे डिकोडर तरी चालतो. व्हिडिओत त्याने एकच गाडी का दाखवली ते तेव्हा कळलं. फोन केला, त्याने ऐकून घेतलं, "बघतो" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी ब्लॉक.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पण हा फोन पहिल्या दिवशीच करायचा असतो, पैसा पुढच्या खात्यात जायच्या आत. आम्ही ते दिवस लूप उकरण्यात घालवले. स्क्रीनशॉट, व्हिडिओ, कुरिअरची पावती सगळं जोडलंय, पुढे काही हललेलं नाही.

तुम्ही घेणार असाल तर विकणाऱ्याकडून एकच न थांबवलेला व्हिडिओ मागा, प्रत्येक ट्रान्सपॉन्डर वेगवेगळा लूपवर धरलेला, स्टिकर आणि स्क्रीनवरचा नंबर एकाच फ्रेममध्ये. दोन मिनिटांचं काम आहे, टाळाटाळ केली तर सोडून द्या. आणि शक्य असेल तर आधी एखाद्या क्लबच्या डिकोडरवर तपासून घ्या, कारण फर्मवेअर अपडेट केलेल्या काही डिकोडरवर कॉपी ट्रान्सपॉन्डर वाचलेच जात नाहीत, घरी चालला म्हणून रेसला चालेल असं नाही. पैसे हातात माल तपासल्यावरच, मुंबई तर रेल्वेने चार तासांच्या आत आहे, आम्ही आळस केला.

सेट मी शोधला होता म्हणून भावाचे ४,३०० मी परत दिले, बाकीचे घ्यायला तयार नाहीत. लूप अजून मातीतच आहे. चालणारे नंबर तीन आणि आम्ही पाच, म्हणून दोघांसाठी परत स्टॉपवॉच, आणि गेल्या रविवारी त्यावरून परत भांडण झालं.