मॉरिशस की रियुनियन? एकाच आगीतून उठलेली दोन बेटं

सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्णबिंदूतून उसळला, तोच आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली धगधगतो आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. शेजारचं मॉरिशसही त्याचंच. दोन बेटांत अंतर जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर, पण डोंगर अगदी वेगळे.

मॉरिशस वयाने मोठं, झिजून शांत झालेलं. क्यूरपीप शहरातल्या ज्वालामुखीच्या विवरात आता झाडी माजली आहे. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडंसं जास्त. इथलं देखणेपण किनाऱ्याला आहे. ल मॉर्नचा ५५६ मीटर उंच कातळ उभा आणि पायथ्याशी प्रवाळाने अडवलेलं उथळ, निळंशार पाणी. शामारेलला बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीसारखाच काळा कातळ, कुजून झालेली तांबडी-जांभळी माती पाहाच. ऊसमळ्यांवर आलेल्या मराठी मजुरांचे वंशज इथे आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर दुसरा विचार नको, मॉरिशसच.

पण पायांत डोंगर असेल तर रियुनियन. पितों द ला फुर्नेज हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. २००७च्या उद्रेकात त्याच्या मुख्य विवराचा तळ सुमारे ३०० मीटर खचला. १९७७मध्ये लाव्हा सेंट-रोझजवळच्या एका चर्चच्या दारापर्यंत आला आणि भिंतींना वळसा घालून पुढे गेला. तो थिजलेला ओघ आजही तिथेच आहे. माफातच्या कड्यांनी वेढलेल्या दरीत वस्त्या आहेत, पण गाडीरस्ता नाही, चालत उतरायचं. काठावरून खाली पाहिलं की कोकणकडा आठवतो आणि इतक्या दूरवर घरी आल्यासारखं वाटतं. मला हे बेट जास्त आवडतं ते याचसाठी.

समुद्रात डुंबायचं असेल तर मात्र इथे हिरमोड होईल. शार्कमुळे बऱ्याच किनाऱ्यांवर पोहण्यावर निर्बंध आहेत. शिवाय बेट फ्रान्सचं असलं तरी युरोपातल्या बहुतेक देशांसाठी मिळणारा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. तिकिटाआधी नियम तपासा. मॉरिशसला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही.

दोन्हीकडे मे ते ऑक्टोबर बरा, चक्रीवादळांचा काळ टळतो. ज्वालामुखी पाहायला पहाटेच निघा. सकाळ वर सरकली की ढग चढतात आणि विवर दिसेनासं होतं.