एपिक्साबॅन: अण्णांच्या गोळीचा दोन वर्षांचा अनुभव

आमच्या अण्णांना, वय 78, एट्रियल फिब्रिलेशनचा त्रास आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडल्याने तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. त्यासाठी पूर्वी वॉरफरिन चालू होते. गेली दोन वर्षे एपिक्साबॅनची 5 मिलिग्रॅमची गोळी सकाळी एक आणि संध्याकाळी एक चालू आहे.

या औषधांना रक्त पातळ करणारी म्हणत असले तरी रक्त पातळ होत नाही, ते गोठण्याची क्रिया मंदावते. वॉरफरिन यकृतात व्हिटॅमिन केच्या कामात अडथळा आणते, त्यामुळे रक्त गोठवणारे चार घटक नीट तयार होत नाहीत. परिणाम दिसायला काही दिवस लागतात आणि पालकाची भाजी जास्त खाल्ली तरी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) हलतो. एपिक्साबॅन मात्र फॅक्टर टेन-ए या एकाच घटकाला थेट जाऊन चिकटते, त्यामुळे थ्रॉम्बिन हे गुठळी बांधणारे द्रव्य कमी तयार होते आणि गुठळीचे जाळे विणले जात नाही. तीन-चार तासांत ते पूर्ण जोमात येते. दर महिन्याला सुई टोचून घेणे आणि आयएनआर दोन ते तीनच्या मध्ये राहील का ही धाकधूक, दोन्ही संपले, याचे समाधान अण्णांच्या चेहऱ्यावर दिसते. मूत्रपिंडाची तपासणी मात्र अधूनमधून करावीच लागते.

अण्णांचे वजन 57 किलो आहे, म्हणून डोस अर्धा करावा असे मला वाटत होते. डॉक्टरांनी समजावले की वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) 1.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त, यांपैकी दोन गोष्टी लागू झाल्या तरच 2.5 मिलिग्रॅम द्यायची. भीतीपोटी डोस कमी केला तर संरक्षणही कमी होते.

उणिवाही आहेत. औषधाचा प्रभाव साधारण बारा तासांत निम्म्यावर येतो, त्यामुळे एक गोळी चुकली तरी फरक पडतो. दहा गोळ्यांची पट्टी पाच दिवसांत संपते आणि तिच्यावर सकाळ-संध्याकाळची खूण नसते. आई चंदेरी कागदावर बॉलपेनने 'स' आणि 'सं' लिहून ठेवते. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना हे औषध चालत नाही, त्यांना वॉरफरिनच घ्यावे लागते.

एकदा गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानात डायक्लोफिनॅक मागितले, तर आधीची औषधे न विचारताच गोळ्या हातात ठेवल्या गेल्या. दोन दिवसांनी दात घासताना अण्णांच्या हिरड्यांतून रक्त थांबेना, तेव्हा कुठे ही जोडी धोक्याची असल्याचे आम्हाला कळले. तेव्हापासून त्यांच्या पाकिटात 'एपिक्साबॅन चालू आहे' असे लिहिलेली चिठ्ठी असते.