इंडोलवर गट कुठे बसला? आयआर, मास की एनएमआर

इंडोलवर (बेंझीनला जोडलेली, एक नायट्रोजन असलेली पाच अणूंची रिंग) विल्समायर-हाक अभिक्रिया (रिंगवर आल्डिहाइड गट बसवणारी) केली, टीएलसीवर (शुद्धता पाहण्याच्या पातळ थराच्या पट्टीवर) एकच डाग आला. आता प्रश्न उरतो, आल्डिहाइड तिसऱ्या कार्बनवर आहे की दुसऱ्या? अपेक्षा तिसऱ्याची असते, पण प्रबंधात अपेक्षा चालत नाही, पुरावा लागतो.

मास (रेणूचे वस्तुमान दाखवणारा स्पेक्ट्रम) इथे हात टेकतो. दोन्ही समघटकांचा (सूत्र एकच, गटाची जागा वेगळी) आण्विक आयन 145 वरच येतो. आकडा विषम, म्हणजे नायट्रोजन विषम संख्येने आहेत. सूत्राला आधार मिळाला, जागा मात्र कळली नाही. अल्किल इंडोलमध्येही 130 चा पीक पाहून 'तिसऱ्या जागी अल्किल' असा निष्कर्ष काढणेही घाईचे, कारण 2-मिथाइल आणि 3-मिथाइल इंडोल दोन्ही तो देतात.

आयआर (इन्फ्रारेड, रेणूत कोणते गट आहेत ते दाखवणारा स्पेक्ट्रम) स्वस्त आणि झटपट. 3-आल्डिहाइडचा कार्बोनिल (C=O) 1700 ऐवजी 1630 सेमी⁻¹ च्या आसपास उतरतो, कारण नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉन जोडी रिंगमधून थेट त्याच्यापर्यंत पोचते. पण 2-आल्डिहाइडमध्येही तो खाली येतोच. गट बसला का, एवढेच पाहायचे असेल तर आयआर पुरे.

पैसे एकाच स्पेक्ट्रमचे असतील तर मी डोळे झाकून प्रोटॉन एनएमआर (प्रत्येक हायड्रोजनचा परिसर दाखवणारा) घेईन, तोही डीएमएसओ-डी६ या द्रावकामध्ये. साध्या इंडोलमध्ये 6.5 पीपीएमजवळ (एनएमआरची मोजपट्टी) दिसणारा एच-3, म्हणजे तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन, इथे गायब होतो. एच-2 सरकून 8.3 ला येतो आणि एन-एचशी कपलिंगमुळे (शेजारच्या हायड्रोजनच्या प्रभावामुळे) सुमारे 3 हर्ट्झचा डब्लेट (दोन भागांत फुटलेला पीक) दिसतो. ट्यूबमध्ये जड पाण्याचा थेंब टाकून हलवा: 12.1 चा एन-एच मावळतो आणि डब्लेटचा सिंगलेट (एकच पीक) होतो. यापेक्षा सुंदर पुरावा मला माहीत नाही! शिवाय कार्बोनिलच्या शेजारामुळे एच-4 देखील 8.1 पर्यंत ढकलला जातो. सीडीसीएल३ (ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म) या द्रावकामध्ये एन-एच अनेकदा रुंद होऊन अ‍ॅरोमॅटिक पीकच्या गर्दीत शिरतो. मात्र सॅम्पल मोजकेच असेल आणि परत हवे असेल तर सीडीसीएल३च बरे. डीएमएसओ उडवणे जिकिरीचे.

अल्किलेशन नायट्रोजनवर झाले की कार्बनवर, असा वाद असेल तर नोएसी (जागेने जवळ असलेले हायड्रोजन दाखवणारा एनएमआर प्रयोग) घ्या. एन-सीएच२ ला एच-2 आणि एच-7 दोघेही जवळचे दिसतात. स्पायरो-ऑक्सिंडोलसारखे अनेक कायरल कार्बन (चार वेगळे गट जोडलेले) असलेले रेणू असतील, तर चांगला स्फटिक वाढवण्यात वेळ घालवा आणि एक्स-रे करा.