माजघराच्या तुळयांतल्या चार कड्या

वाईतल्या आमच्या जुन्या वाड्याची डागडुजी काढली, तेव्हा माजघरात नंतर कधीतरी ठोकलेले प्लायवूडचे छत उतरवताना वरच्या सागवानी तुळयांत चार लोखंडी कड्या दिसल्या, आणि माळ्यावरच्या गोणपाटात काळ्या पडलेल्या जड साखळ्या सापडल्या, ज्यांच्या दांड्यांमध्ये हत्ती, मोर आणि घोडेस्वार ओवलेले होते. सासूबाई गेल्यापासून या वस्तूंची माहिती असणारे घरात कोणीच उरले नव्हते.

ठेकेदाराने जुन्या वस्तूंचा एक जाणकार आणला. कड्या धान्याच्या तराजूच्या आहेत, साखळ्याही त्याच तराजूच्या असून लोखंडावर नुसता मुलामा आहे, असे त्याने सांगितले. खिशातले लोहचुंबक त्याने साखळीच्या टोकाच्या आकड्याला लावले, ते खट्‌कन चिकटले, आणि "बघा ताई, लोखंडच आहे," म्हणून त्याने चौदा किलो माल लोखंडी भंगाराच्या भावाने नेला. पावती मी मागितली नाही.

आठवड्याने आमचे सुतारकाका शिडीवर चढले आणि त्यांनी कडीच्या आत बोट फिरवले. चारही कड्या एकाच दिशेने झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, आणि त्यांच्यातले अंतर लांबीला पाच फूट नि रुंदीला दोन फूट, म्हणजे नेमके झोपाळ्याच्या पाटाएवढे होते. तराजू एका कडीला टांगतात, चार कड्यांना नाही, हे तोवर माझ्या ध्यानात यायला हवे होते. झीज सोसावी म्हणून टोकाचा आकडा तेवढा लोखंडी होता. हत्ती-मोरांना त्या माणसाने चुंबक लावलेच नव्हते. पितळ तांबे आणि जस्त मिळून होते, त्याला चुंबक धरत नाही. गोणपाटाच्या तळाशी राहिलेल्या एका मोराच्या पायाखाली काकांनी कानस फिरवली, तर आतून लख्ख पिवळे निघाले.

म्हणून कळकळीने सांगते, वस्तू ओळखू येईपर्यंत ती घराबाहेर जाऊ देऊ नका, चुंबक स्वतः आणून प्रत्येक भागाला लावून पाहा आणि काही उतरवण्याआधी जागेवरच फोटो काढा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा कलावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, तो दाखवायला सांगा. मी तक्रार द्यायला गेले तेव्हा माझ्याजवळ ना पावती होती ना फोटो. चौदा किलो हा आकडा तेवढा मला सांगता आला.